कामापुरती भाषा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

— एक शिक्षक, बी. ए., बी. एड., कुर्ला



माझ्या भाषणाला मी 'कामापुरती भाषा' असे नाव दिले आहे. हे शब्द माझे नाहीत. ते आपल्यापैकीच अनेकांच्या तोंडचे आहेत. मुलांच्या मराठीविषयी बोलणे निघाले म्हणजे पुष्कळ पालक सांगतात, "सर, कामापुरती मराठी आली की पुरे. घरी उर्दू आहे, पुढे इंग्रजी लागणारच आहे." हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. सकाळी घर सोडून रात्री उशिरा परतणाऱ्या बापाला आपल्या मुलावरचे ओझे कमी व्हावे असे वाटले, तर ते स्वाभाविकच आहे. परंतु मग एक प्रश्न उभा राहतो. कामापुरती म्हणजे किती? किती शब्द आले म्हणजे काम भागते? आणि उद्या काम वाढले तर?

हा प्रश्न केवळ कुर्ल्यातल्या पालकांना पडलेला नाही. जगातल्या काही विद्वानांना तो पडला, आणि त्यांनी मोजून-मापून थोड्या शब्दांच्या भाषा तयार करून पाहिल्या. त्या भाषांचे पुढे काय झाले, त्यांचे शब्द का वाढवावे लागले आणि ते कसे वाढले, हे आज मी आपणांस सांगणार आहे. त्यातून आपल्या मुलांच्या भाषेसंबंधी काही घेण्यासारखे आहे, असे मला वाटते.

पहिले उदाहरण इंग्लंडमधले. चार्ल्स के. ऑग्डेन नावाच्या विद्वानाने १९३० साली 'बेसिक इंग्लिश' या नावाने एक भाषा जगापुढे मांडली. इंग्रजीत लाखो शब्द आहेत. त्यांतले फक्त ८५० निवडायचे आणि सगळा व्यवहार तेवढ्यावर चालवायचा, अशी ही योजना होती. त्या ८५० मध्ये ६०० शब्द वस्तूंचे व कल्पनांचे, १५० शब्द गुण दाखवणारे आणि १०० शब्द क्रिया दाखवणारे व वाक्य जोडणारे. सगळी यादी एका कागदाच्या एका बाजूवर मावत असे. रोज दहा शब्द पाठ केले तर तीन महिन्यांच्या आत भाषा हातात! विशेष म्हणजे संपूर्ण भाषेत क्रियापदे केवळ १८ होती. 'विचारणे' हे क्रियापद नाही; त्याऐवजी 'प्रश्न ठेवणे' म्हणायचे. 'चढणे' नाही, 'वर जाणे' म्हणायचे. 'आत शिरणे' नाही. 'आत जाणे' म्हणायचे.

ही कल्पना आपल्या मुंबईतही येऊन पोहोचली होती. हिंदुस्थानात इंग्रजी शिकवण्यासाठी बेसिकचा उपयोग कसा करता येईल, यावर अॅडॉल्फ मायर्स यांनी लिहिलेले पुस्तक १९३८ साली मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रेसमधून प्रसिद्ध झाले. त्या काळी येथील मुले शाळेत वर्षानुवर्षे इंग्रजी घोकत आणि तरीही दोन वाक्ये धड बोलताना अडत. त्यांना ८५० शब्दांची वाट सोपी वाटली असल्यास नवल नाही. पुढे १९४३ साली इंग्लंडचे पंतप्रधान चर्चिल यांनी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात भाषण करताना बेसिकचा जाहीर पुरस्कार केला. एका भाषेला याहून मोठा आश्रय कोणता मिळायचा?

आता गंमत पाहा. ८५० शब्द पुरतील असे म्हणणाऱ्या ऑग्डेननाच लवकर दिसून आले की शास्त्राचे पुस्तक लिहायचे तर ते पुरत नाहीत. म्हणून शास्त्रासाठी सर्वसाधारण १०० शब्द आणखी घेतले, आणि ज्या त्या शास्त्रासाठी ५० वेगळे. म्हणजे झाले १०००. नंतर बायबलचे भाषांतर करायचे ठरले. ते १९४९ साली पूर्ण प्रसिद्ध झाले. त्यासाठी ५० शब्द धर्मग्रंथाचे आणि १०० शब्द काव्याचे जादा घ्यावे लागले. व्यापारासाठी आणखी यादी लागली. रेडिओ, हॉटेल, टेलिफोन यांसारखे सर्व जगात चालणारे शब्द तर यादीबाहेरच राहिले. ते सर्वांना येतातच असे धरून चालले होते. दुकानदार बाहेर एक भाव लिहितो आणि आत गेल्यावर निराळाच हिशोब करतो, तसे हे झाले. यात ऑग्डेन यांची लबाडी होती असे मी म्हणत नाही. माणसाचे काम वाढते तशी कामापुरती भाषाही वाढवावी लागते, एवढेच यातून सिद्ध होते.

यादीत 'अश्रू' हा शब्द नव्हता आणि 'घाम' हाही नव्हता. १९४० साली युद्धाच्या बिकट प्रसंगी चर्चिलनी आपल्या देशाला रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम एवढेच देऊ केले होते. १९४४ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना पत्रातून कोपरखळी मारली की, हेच तुम्ही बेसिकमध्ये सांगितले असते तर तुम्हांला अश्रूंना 'डोळ्यांचे पाणी' आणि घामाला 'चेहऱ्याचे पाणी' म्हणावे लागले असते! पालकहो, कष्ट करून जगणाऱ्या माणसाच्या भाषेत 'घाम' हा शब्द नसावा, याचा अर्थ आपण समजू शकता.

विद्यार्थिमित्रहो, येथे तुम्ही म्हणाल, "सर, डोळ्यांचे पाणी म्हटल्याने बिघडले काय? मराठीतही 'डोळ्यांत पाणी आले' असे म्हणतातच." बरोबर आहे. म्हणून आता याच 'पाणी' शब्दाकडे पाहू या. पाणी हा शब्द तुम्हां सर्वांना येतो. 'पाहणे' हेही येते. मग 'तो त्याला पाण्यात पाहतो' याचा अर्थ काय? द्वेष करतो. 'पाणी पाजले' म्हणजे हरवले. 'पैशांवर पाणी सोडले' म्हणजे त्यांची आशा सोडली. 'तोंडाला पाणी सुटले' म्हणजे खाण्याची इच्छा झाली आणि 'तोंडचे पाणी पळाले' म्हणजे घाबरगुंडी उडाली. शब्द तेच, साधे. परंतु दोन शब्द एकत्र आले की त्यांतून तिसरा अर्थ जन्मतो, आणि तो अर्थ वेगळा शिकावाच लागतो. बेसिकची खरी अडचण हीच होती. क्रियापदे अठराच ठेवली. पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, हे ज्याला माहीत नाही त्याला 'गिव्ह' आणि 'पुट' येऊन काय उपयोग? यादी लहान झाली, परंतु शिकण्याचे ओझे कमी झाले नाही. ते यादीतून निघून शब्दांच्या जोड्यांत जाऊन बसले.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे आणि अधिक मनोरंजक आहे. कॅनडातील सोन्या लँग नावाच्या भाषाप्रेमी बाईंनी २००१ साली 'टोकी पोना' नावाची एक भाषा रचली. टोकी म्हणजे भाषा, पोना म्हणजे चांगले, साधे. ऑग्डेन यांची भाषा व्यापारासाठी आणि शिक्षणासाठी होती. लँगबाईंचा हेतू निराळा होता. शब्द कमी केले की विचार साधे होतात, मनावरचा गोंधळ उतरतो, असे त्यांना वाटले. २०१४ साली त्यांनी या भाषेचे पुस्तक काढले, त्यात अवघे १२० शब्द होते. बाकी सर्व काही जोडून सांगायचे. 'यान' म्हणजे माणूस, म्हणून 'यान पोना', चांगला माणूस, म्हणजे मित्र. 'टोमो' म्हणजे घर आणि 'सोना' म्हणजे ज्ञान. म्हणून 'टोमो सोना', ज्ञानाचे घर, म्हणजे शाळा. किती सुंदर नाव आहे! 'टोमो तावा', चालणारे घर, म्हणजे मोटार.

परंतु आपल्या लालबहादूर शास्त्री मार्गावर संध्याकाळी उभे राहा. रिक्षा 'टोमो तावा', टेम्पो 'टोमो तावा', बेस्टची बस 'टोमो तावा', आणि पलीकडे स्टेशनात लोकल आली तीही 'टोमो तावा'. कशाने जायचे ते सांगणार कसे? निळा आणि हिरवा या दोन्ही रंगांना त्या भाषेत एकच शब्द आहे. आकड्यांची तर पंचाईतच आहे. एक, दोन आणि 'पुष्कळ' एवढे मूळ आकडे. पाच सांगायचे तर 'हात' म्हणायचे, म्हणजे सात हा 'हात-दोन' झाला. आता या भाषेत महिन्याचा हिशोब मांडा, किंवा मुलाचे गुणपत्रक वाचून दाखवा! लँगबाईंची भाषा वाईट आहे असे यावरून ठरत नाही. ती हिशोबासाठी केलेलीच नव्हती. पण ज्या हेतूने भाषा केली त्या हेतूबाहेर पाऊल टाकले की ती तोकडी पडते.

आणि पुढे काय झाले? जगभरातली काही हजार माणसे हौसेने ती भाषा शिकली, तिच्यात पत्रे लिहू लागली, गोष्टी सांगू लागली. माणसे भाषेत राहायला आली की त्यांना सामान कमी पडू लागते. त्यांनी आपले आपण नवे शब्द आणले. २०२१ साली लँगबाईंनी शब्दकोश काढला. तो काढण्यापूर्वी त्यांनी भाषा वापरणाऱ्यांना विचारले की, तुम्ही खरोखर कोणते शब्द वापरता? तेव्हा १२० चे १३७ झाले होते. हे जादा १७ शब्द पाहण्यासारखे आहेत. एक आहे 'मोनसुता', म्हणजे भीती किंवा भीतिदायक वस्तू. दुसरा 'मिसिकेके', म्हणजे औषध. तिसरा 'नमाको', म्हणजे मसाला, चव वाढवणारी जादा वस्तू. आणि तो घेतला आहे फारसीतल्या 'नमक' या शब्दावरून, जो आपल्या घरी रोज जेवताना कानावर पडतो! भीती, औषध आणि मीठ-मसाला. माणसे कितीही साधेपणाने राहायचे म्हणोत, त्यांना भीती वाटते, ती आजारी पडतात आणि त्यांना चव लागते. तेवढे शब्द त्यांनी मागून का होईना, आणलेच.

मित्रहो, भाषा वाढते ती साधारणपणे चार वाटांनी. पहिली वाट जोडण्याची. आगगाडी, आगबोट, पाणबुडी, दुचाकी हे आपले शब्द असे जोडून झाले. दुसरी वाट जुन्या शब्दाला नवे काम देण्याची. 'विमान' हा शब्द पुराणकथांतला; आज तो सांताक्रूझला उतरणाऱ्या यंत्राला लागला. अरबीत हेच झाले. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफना विहिरीतून बाहेर काढणाऱ्या प्रवाशांच्या काफिल्यासाठी 'सय्यारा' हा शब्द आला आहे. आज सर्व अरब देशांत 'सय्यारा' म्हणजे मोटारगाडी. तिसरी वाट उसने घेण्याची. बटाटा पोर्तुगिजांकडून आला, तिकीट इंग्रजांकडून. आणि चौथी वाट घडवण्याची, म्हणजे धातूवरून किंवा मुळावरून नवा शब्द तयार करण्याची. अरबी भाषा या कामात फार पटाईत आहे. काफ, ते, बे या तीन अक्षरांतून किताब, कातिब, मकतब, मक्तूब असे किती शब्द निघतात, हे तुमच्यापैकी मदरशात जाणाऱ्यांना सांगायला नको.

आपल्या महाराष्ट्रातही भाषा मुद्दाम वाढवण्याचे मोठे प्रयत्न झाले आहेत. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यकारभारात फारसी-अरबी शब्दांचा भरणा होता. महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. दहा वर्गांत सुमारे १४०० शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव आणि वाकनिसाला मंत्री अशी नावे मिळाली. आज साडेतीनशे वर्षांनंतर काय दिसते? 'सचिव' आणि 'मंत्री' हे शब्द मंत्रालयात नांदत आहेत. पण मुजुमदारही आडनावात जिवंत आहेत. 'पेशवा' या फारसी शब्दाऐवजी 'पंतप्रधान' आला. तरी लोक पेशव्यांना पेशवेच म्हणत राहिले, आणि 'पंतप्रधान' हा शब्द आज देशाच्या सरकारच्या प्रमुखासाठी आपण वापरतो. म्हणजे नवा जगला आणि जुनाही मेला नाही.

पुढे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. महापौर, दिनांक हे त्यांच्या नावावर सांगितले जाणारे शब्द आज रूढ आहेत. तरी 'तारीख' कोठे गेली नाही. शाळेच्या अर्जावर आपण 'दिनांक' लिहितो आणि घरी "आज तारीख किती?" असे विचारतो. कविवर्य माधव जूलियन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश तयार केला आणि त्याच माधवरावांनी १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथ लिहिला. फारसीवर प्रेम करणारा आणि मराठीची शुद्धी इच्छिणारा माणूस एकच होता, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ साली पदनाम कोश निघाला. त्या वेळी त्याला 'बदनाम कोश' म्हणून हसणारे होते. परंतु संचालक, आयुक्त, अधीक्षक हे शब्द आज कोणाला हसू आणतात?

उर्दूनेही हीच मेहनत केली. हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठात सर्व विषय उर्दूतून शिकवायचे ठरले. त्यासाठी १९१७ साली दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग स्थापन झाला आणि विज्ञान, गणित, कायदा यांसाठी हजारो शब्द तयार झाले. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम कित्येक वर्षे औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून केले. तेव्हा उर्दू ही केवळ शेरोशायरीची भाषा आहे, हा समज काढून टाकावा. शब्द वाढवण्याची विद्या तिलाही चांगली अवगत आहे.

या सर्व उदाहरणांतून मला एकच गोष्ट दिसते. यादी करणारा कोणी का असेना, राजा, पंडित, सरकार किंवा एखाद्या भाषेचा स्वतः निर्माता, शब्द जगतो तो वापरणाऱ्याच्या गरजेवर. ज्याला काम मिळाले तो राहिला, ज्याला मिळाले नाही तो कोशात पडून राहिला. आपल्या कुर्ल्याचेच पाहा ना. सी. एस. टी. रोडवर जुन्या मोटारींचे सुटे भाग विकणारी दुकाने आहेत. एके काळी प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना येथेच होता. कोकणातला, देशावरचा, उत्तरेकडचा, असे सर्व कामगार एकत्र आले आणि क्लच, गिअर, पाना, पट्टा ही एक भाषा बोलू लागले. त्यांना कोणी यादी दिली नव्हती. हातात वस्तू होती, तिला नाव हवे होते, ते त्यांनी घेतले.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. आपण मुलांना 'कामापुरती मराठी' देतो तेव्हा नकळत ऑग्डेनसारखी एक यादीच त्यांच्या हाती देतो. फरक इतकाच की ऑग्डेनची यादी विचारपूर्वक केलेली होती. आपली यादी बाजारात, रिक्षात आणि गल्लीत जे कानावर पडेल त्याची असते. तेवढ्या शब्दांत भाजी घेता येते, पत्ता विचारता येतो, भांडताही येते. पण आयुष्यातली जी कामे खरोखर महत्त्वाची, ती तेवढ्यात होत नाहीत.

दवाखान्याचे उदाहरण घ्या. आपल्या वस्तीत पुष्कळ वेळा आईबरोबर आठवी-नववीतली मुलगी दवाखान्यात जाते आणि दुभाष्याचे काम करते. डॉक्टर विचारतात, "कळ येते का? ठणका लागतो का? चमक भरते का? जळजळ होते का?" मुलीच्या यादीत एकच शब्द आहे, 'दुखते'. मराठीत दुखण्याचे इतके शब्द आहेत ते हौसेसाठी नाहीत. प्रत्येक शब्द वेगळ्या दुखण्याकडे बोट दाखवतो. आईला ते सर्व कळत असते, अंगावर सोसत असते; पण मुलीच्या हाती शब्द नसल्याने ते डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही.

दुसरे उदाहरण कागदपत्रांचे. इमारतीच्या पुनर्विकासाची नोटीस दारावर लागते: "हरकत असल्यास सात दिवसांच्या मुदतीत लेखी कळवावी." उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल किंवा खोडी. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. ज्याला हे माहीत नाही त्याचे सात दिवस निघून जातात आणि घराचा प्रश्न त्याच्या पाठीमागे ठरून जातो. असे शब्द पुष्कळ आहेत. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. उर्दूत राजीनामा म्हणजे समेट, मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणे. उर्दूत खून म्हणजे रक्त, मराठीत खून म्हणजे हत्या. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी, मराठीत दप्तर मुलाच्या पाठीवर असते!

पण याच उदाहरणांना दुसरी, आनंदाची बाजूही आहे. आपल्या घरातले मूल मराठीत रिकाम्या हाताने येत नाही. कागद, शाई, दुकान, किंमत, बाजार, अर्ज, वकील, जमीन, इमारत, मदत, गरज, मेहनत, हुशार, फायदा हे सारे शब्द ते घरूनच घेऊन येते. मराठी आपणांस परकी नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीतच लिहिला, आणि शाहीर अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा दुमदुमल्या. भांडवल घरात आहे. ते वाढवायचे तेवढे राहिले आहे.

ते कसे वाढवावे, याविषयी दोन-तीन सूचना करतो आणि थांबतो.

पहिली सूचना विद्यार्थ्यांना. एक वही करा आणि तिचे तीन रकाने पाडा: उर्दू, मराठी, इंग्रजी. 'तबखीर' लिहा, समोर 'बाष्पीभवन', समोर 'इव्हॅपोरेशन'. 'रकबा' लिहा, समोर 'क्षेत्रफळ', समोर 'एरिया'. मग शब्द फोडून पाहा. तबखीर आला 'बुखार' म्हणजे वाफ यावरून. बाष्पीभवन आला 'बाष्प' म्हणजे वाफ यावरून. दोन्ही भाषांनी एकच विचार केला, हे एकदा दिसले की तो अवघड शब्द पाठ करावा लागत नाही. रोज फक्त तीन शब्द लिहा. शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाला ६०० होतात आणि पाचवी ते दहावी या सहा वर्षांत ३,६००. ऑग्डेनच्या यादीच्या चौपटीहून अधिक! थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

दुसरी सूचना पालकांना. आपल्या धंद्यातले शब्द मुलांना सांगा. आपल्यापैकी कोणी शिवणकाम करतो, कोणी गवंडीकाम, कोणी गॅरेज चालवतो, कोणी भंगाराचा व्यापार करतो. आपल्या हत्यारांची, मापांची, मालाच्या प्रतींची नावे हे फार मोठे धन आहे, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही. "तुला काय करायचे आहे, तू अभ्यास कर," असे म्हणून मुलाला बाजूला सारू नका. वस्तूला नाव असते आणि ते अचूक असते, ही सवय त्याला आपल्या हाताखालीच लागेल.

तिसरी सूचना सर्वांनाच. मूल चुकीचे मराठी बोलले म्हणून हसू नका. घरी हसू नका आणि शिक्षकबंधूंनो, वर्गातही हसू देऊ नका. हसण्याने मूल चूक सुधारत नाही, ते गप्प बसते. आणि गप्प बसलेल्या मुलाची भाषा टोकी पोनाहूनही लहान होते. मुलींच्या बाबतीत याची अधिक काळजी घ्यावी, कारण घराबाहेर बोलण्याची संधी त्यांना आधीच कमी मिळते. आठवड्यातून एक दिवस घरी मराठी वर्तमानपत्र आणावे आणि मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावे. जो शब्द अडेल तो वहीत जाईल. खर्च एका चहाच्या कपाहून जास्त नाही.

कुरआन शरीफच्या सूरह बकरामध्ये आले आहे की, अल्लाहतआलाने हजरत आदम यांना सर्व वस्तूंची नावे शिकवली. नावांचे हे ज्ञान माणसाला मिळालेली पहिली देणगी आहे. ती आपण मुलांच्या पदरात मोजून-मापून, कामापुरती टाकू नये. उद्या त्यांचे काम किती मोठे होणार आहे, हे आज आपणांपैकी कोणीच सांगू शकत नाही. आजची मुलगी उद्या त्याच दवाखान्यात डॉक्टरच्या खुर्चीवर बसलेली असेल, आणि समोरच्या बाईला "कळ येते की ठणका लागतो?" असे तिलाच विचारावे लागेल.